उस्मानशेठच्या प्लेटी

उस्मानशेठच्या घरी फोनो लागला तरी त्याचा आवाज झेंडीगेटापासून आमच्या घरापर्यंत येत नसे. पण लागला आहे हे मला कळायचं. शेजारचे पेन्शनर फौजदार टोपी घालून बाहेर पडायचे, समोरचा शिंपी हातातलं काम मशीनवर टाकून निघायचा, आणि थोड्या वेळानं आमच्या घरातून सुशीला, म्हणजे माझी बायको, "अमीनाभाभींकडे जरा जाऊन येते हं," म्हणत उस्मानशेठच्या बायकोकडे जायला वहाणा शोधायला लागायची.

ग्रामोफोनला आम्ही फोनो म्हणायचो. तो माझ्याकडेही होता. त्यांच्याहून चांगला होता. माझ्या प्लेटी, म्हणजे तबकड्या, कपाटात उभ्या, रागवार लावलेल्या असत. वाजवण्याआधी एकदा आणि वाजवल्यावर एकदा मी त्या मऊ फडक्यानं पुसत असे. पण मी फोनोला चावी दिली की सुशीला स्वयंपाकघरात जाऊन डाळ निवडायला घ्यायची. एकदा मी न राहवून विचारलं, "तेच गाणं तिथं जाऊन ऐकतेस, ते इथं का ऐकवत नाही?"

ती म्हणाली, "इथं परीक्षेला बसल्यासारखं वाटतं हो."

मी नगरच्या कोर्टात वकिली करत होतो. पक्षकार कमी, पण गाण्याचा नाद मोठा. पुण्याला शिकत असताना तो लागला. राग ओळखता यायचे, गायकी कळायची, चार माणसांत बोलायला लागलो की लोक मान डोलवायचे. नगरात प्लेटींचा शौकीन म्हणून माझंच नाव निघावं अशी माझी साधी अपेक्षा होती. ते नाव निघायचं उस्मानशेठचं.

उस्मानशेठ उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे मालक. नगरहून मिरजगाव, काष्टी, तिसगाव या बाजूंना त्यांच्या गाड्या जात. माणूस आडवा, उंचीला बेताचा. अंगात पांढरा शर्ट आणि त्याच्या बाहीवर हमखास ग्रीसचा डाग. मालक असून इंजिनात डोकं घालायची खोड होती. आवाज असा की माळीवाड्याच्या स्टँडवर उभे राहून बोलले तर पुढच्या गावची उतारू मंडळी उठून बसावीत. आणि रागांच्या नावांचा त्यांना पत्ता नसायचा. प्लेटींना त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक 'पहाटेची बाई', एक 'रुसलेला बुवा', एक सनईची होती ती 'सासरी चालली'. मी सांगायचो, "शेठ, हा मुलतानी." ते भक्तिभावानं म्हणायचे, "असंल की. वकीलसाहेब सांगत्यात म्हणजे असंलच." आणि पुढच्या खेपेला फौजदारांना सांगायचे, "आज रुसलेला बुवा लावू या."

आमची ओळख झाली तीच माझ्या जिव्हारी लागून. श्रीगोंद्याकडच्या एका इनामदारांच्या घरच्या सामानाचा लिलाव होता. त्या घरात जुन्या प्लेटी आहेत असं माझ्या कानावर आलं होतं. माझं सगळं लक्ष एका प्लेटीवर होतं: भागाबाई काष्टीकर, जोगिया. पुण्यात एका मित्राच्या घरी ती मी ऐकली होती. आम्ही ती इतकी वाजवली की पिनेनं खाचा उसवल्या, आणि शेवटी एक जाडजूड पाहुणा तिच्यावर बसला. भागाबाईंची दुसरी प्लेट निघालीच नव्हती. त्या काळच्या जुन्या गाणाऱ्यांसारखी तीही गाणं संपता संपता आपलं नाव सांगायची. तेवढंसं ते वाक्य मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं.

कोर्टात एक तारीख निघाली आणि मला पोचायला उशीर झाला. पोचलो तेव्हा एक शिसवी पेटी हमालाच्या डोक्यावरून बाहेर येत होती. मागून ग्रीसचा डाग.

मी विचारलं, "आत काय आहे?"

"कुणाला ठाऊक! फोनोच्या प्लेटी हायत म्हणे. मला पेटी पायजे हुती. गाडीची हत्यारं ठेवायला."

ती पेटी त्यांच्या गॅरेजात गेली आणि प्लेटी घरात. भागाबाईही त्यांतच होती. तीच 'पहाटेची बाई'. माणूस हत्यारांची पेटी आणायला जातो आणि जन्मभर मी शोधलेली वस्तू घेऊन येतो, हे मला फार दिवस पचलं नाही. मी अदलाबदलीला दोन दोन, चार चार प्लेटी पुढं केल्या. ते हात जोडायचे. "ती सोडून काय पण मागा, साहेब. बाकीच्या उचलून न्या." आणि खरंच उचलून न्यायला द्यायचे. कोणीही यावं, प्लेट काखेला मारून न्यावी. परत येताना कडा उडालेली यायची, कधी दोन तुकडे यायचे. ते तुकडे डोळ्यांपुढं धरून म्हणायचे, "चला, हिनं लई लोकांना ऐकवलं." माझ्याकडे असती तर ती प्लेट शंभर वर्षं टिकली असती.

लढाई सुरू झाली आणि भिंगारच्या छावणीत गोऱ्यांची गर्दी झाली. पेट्रोल मिळेनासं झालं, सर्व्हिस मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचे पिंप आले, चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलायचं. उस्मानशेठ छावणीच्या वर्कशॉपात सुटे भाग मिळवायला जायचे, ते एका गोऱ्या सार्जंटाशी दोस्ती करून आले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सार्जंटाची बदली झाली तेव्हा तो आपल्या सगळ्या प्लेटी उस्मानशेठच्या दारात ठेवून गेला.

त्यांत जाझच्या प्लेटी होत्या. नगरात त्यापूर्वी ते संगीत फक्त क्लबाच्या कुंपणाबाहेरून कानावर यायचं. मला तो गोंगाट वाटे, आणि तसं मी फौजदारांना समजावून सांगत होतो. उस्मानशेठ मांडी घालून, मान खाली घालून ऐकत होते. मग एका जागी त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"आता बघा. ह्यो पिपाणीवाला आता घरला न्हाई जायचा. लांबून जाऊन येनार. गेला... गेला... आरं कुठं चालला... आला!"

ते 'आला' आणि ढोलाचा ठोका एकाच वेळी पडला. आमच्या गाण्यात समेवर येणं म्हणतात ते हेच, हे मला शब्दांत माहीत होतं. पण त्या कर्कश पितळी वाद्याच्या मागं मी गेलोच नव्हतो, मी जणू दारातच उभा होतो. शिंपी म्हणाला, "परत लावा शेठ." आतल्या पडद्यामागून अमीनाभाभी आणि सुशीला हसल्याचं ऐकू आलं. सुशीला त्या प्लेटीवर मान हलवत होती, हे घरी येताना तिनंच सांगितलं.

त्याच प्लेटींबरोबर एक जाड पुठ्ठ्याचं बाड होतं, आत कागदी पाकिटांचे खिसे आणि प्रत्येक खिशात मोठी प्लेट. विलायती वाद्यवृंदाची एकच लांबलचक रचना, प्लेटीमागून प्लेट चालणारी. उस्मानशेठनी ती पहिल्याच दिवशी सगळी बाहेर काढली आणि मन मानेल तशी परत भरली. वर्षभर आम्ही ती तशीच ऐकली. पुढं मिशनच्या शाळेतल्या एक मडमबाई उस्मानशेठकडे मोटारीच्या वेळा विचारायला आल्या आणि घरात हे वाजताना ऐकून दचकल्या. "अहो, तुम्ही शेवट आधी लावताय!" त्यांनी नीट क्रम लावून दिला. उस्मानशेठनी क्रमानं सगळं ऐकलं, मडमबाईंना चहा पाजला, आभार मानले.

त्या गेल्यावर मी म्हणालो, "आता बरं लागतंय ना?"

"बरं हाय," ते म्हणाले. "पन आपल्या गाडीला तो रस्ता जरा सपाट पडला." आणि प्लेटी पुन्हा आपल्या क्रमानं भरल्या. मी मनातून सुखावलो. हा माणूस अडाणी आहे याचा पुरावा मिळाल्यासारखं झालं. त्या सुखात मी घरी आलो तर सुशीला पोळ्या लाटताना त्यातलीच एक सुरावट गुणगुणत होती. उस्मानशेठच्या क्रमानं.

लढाई लांबली तशा पोलादी पिना बाजारातून नाहीशा झाल्या. एकच पिन घासघासून वापरायची म्हणजे प्लेटीचा सत्यानाश. मी फोनो झाकून ठेवला. नाइलाज होता, पण मनात एक समाधानही होतं की आता त्यांचाही बंद पडणार. तर फौजदार पुन्हा टोपी घालून बाहेर पडताना दिसले.

जाऊन बघतो तर साउंडबॉक्समध्ये पिनेच्या जागी बाभळीचा काटा! त्यांचा ड्रायव्हर सखाराम मिरजगावच्या रस्त्यावरून पांढऱ्या लांब काट्यांच्या जुड्या आणायचा. अमीनाभाभी त्या चुलीवरच्या शिंक्यात वाळवायच्या. ब्लेडनं टोक तासून काटा लावला की आवाज थोडा दबायचा, पण खरखर निघून जायची आणि गाणारा जवळ येऊन बसल्यासारखा वाटायचा. मी घरी येऊन स्वतः काटे आणले. माझे मोडले. हिरवे होते. उस्मानशेठनी न मागता एक जुडी पाठवली, आणि ती मला परत पाठवता आली नाही, कारण सुशीलानं ती आधीच शिंक्यात ठेवली होती.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण काष्टीला जे झालं ते मला अजून सोसत नाही.

उस्मानशेठना एक सवय होती. कुठल्याही गाण्याबद्दल ते विचारायचे, "ह्यो मानूस हाय का गेला?" मी सांगायचो की प्लेट जुनी आहे, काय ठाऊक. भागाबाईबद्दल त्यांनी मला विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. ते मात्र काष्टीच्या गाडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटले. आणि एक दिवस सखाराम स्टँडवरून सरळ घरी आला. "शेठ, भागा म्हातारी व्हय? हाय की जित्ती. बाजारतळाच्या मागं ऱ्हाती. एकटीच हाय."

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही काष्टीला निघालो. मला त्यांनी आग्रहानं नेलं. "गान्यातलं काय बोलली तर मला कळायचं न्हाई. तुमी पायजे." गाडीत कोंबड्या, मिरच्यांची पोती, बैल घ्यायला निघालेले शेतकरी. पुढच्या बाकावर उस्मानशेठच्या मांडीवर फोनो आणि माझ्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेली ती प्लेट. खड्डा आला की मी तिला उराशी धरत होतो. काष्टीपर्यंत ती माझी होती.

भागाबाई दारात मिसरी लावत बसल्या होत्या. हाडापेरानं मोठी बाई, कपाळ कोरं, नजर करडी. माझा काळा कोट बघून त्या उठून उभ्या राहिल्या.

"वकील कशापायी आनलाय? जिमीन माजी हाय. कागद हायती."

"जमिनीचं न्हाई, मावशी," उस्मानशेठ म्हणाले. "तुमचं गानं आनलंय."

त्या हसल्या नाहीत. "माजं गानं? त्ये कवाच मोडलं."

मग आत घोंगडी टाकली. उस्मानशेठनी प्लेट दाखवली. म्हातारीनं ती दोन्ही हातांत घेतली आणि बोटांनी चाचपली. त्यांनी सांगितलं, प्लेट भरण्यासाठी त्यांना पुण्याला नेलं होतं. एका बंद खोलीत भिंतीतून कर्णा बाहेर आलेला, त्याच्या तोंडात तोंड घालून गायचं. मागं एक माणूस दंड धरून उभा. वरचा सूर आला की तो मागं ओढणार, खालचा आला की पुढं ढकलणार. "बैलावानी," त्या म्हणाल्या. "प्लेट देतो म्हनले हुते. वाट बगितली, आलीच न्हाई. म्या कदी आयकलंच न्हाई ते."

उस्मानशेठनी काटा तासला, चावी दिली.

पहिला सूर आला तसे भागाबाईंनी हात मांडीवर ठेवले आणि खाली बघत राहिल्या. कोणाचं तरी दुसऱ्याचंच ऐकावं तशा. थोड्या वेळानं उजव्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. एका अवघड जागेच्या आधी त्यांनी श्वास घेतला आणि प्लेटीतल्या तरुण बाईनंही तिथंच घेतला. मग शेवट आला. घाईघाईचा, उंच आवाज: "मी भागाबाई, काष्टीची."

म्हातारी म्हणाली, "व्हय गं बाई, व्हय."

प्लेट नुसती फिरत राहिली. कोणी ती थांबवली नाही. दाराबाहेर बाजारातल्या दोन-तीन बाया येऊन उभ्या होत्या.

"लई घाई केली," भागाबाई म्हणाल्या. "आनखी येका जाग्यावर जायाचं हुतं. प्लेट भरनाऱ्या सायबानं हात वर केला." आणि त्यांनी डोळे मिटले. जिथं प्लेटीतलं गाणं तुटलं होतं तिथून त्यांनी सूर उचलला. आवाज फाटलेला, दम अपुरा. पण त्या जागेवर त्या गेल्या. तिथं थांबल्या आणि खाली उतरून आल्या. गाणं पुरं झालं.

उस्मानशेठनी डोळे पुसले, फोनोवरून प्लेट काढली आणि भागाबाईंच्या ओटीत ठेवली. "मावशी, ही तुमची. उशीर झाला पोचायला."

मी म्हणालो, "शेठ, अहो, त्यांच्याकडे फोनो नाही!"

"नसू द्या की."

"मग उपयोग काय? इथं धुरात, धुळीत... निदान माझ्याकडे तरी..."

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, "तिची हाय ना?"

भागाबाई उठल्या होत्या. कोनाड्यातल्या देवांमागं त्यांनी प्लेट उभी केली, तिला कुंकवाचं बोट लावलं. कुंकवाचं! खाचांवर!

परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर रिकामं दुपटं होतं. राग ओसरायला मैल दोन मैल लागले. मग मला वाटलं, निदान ती शेवटची जागा तरी आपल्याकडे आहे, ती मनात म्हणून बघावी. जोगियाचे सूर मला पाठ होते. प्लेटीतलं गाणं तुटतं तिथपर्यंत मी आलो, आणि पुढं काही येईना. त्या वेळी मी ऐकत होतो खरा, पण डोळे प्लेटीवर होते. ती फिरतेय, काटा शेवटच्या खाचेत घासतोय, आता हा माणूस तिचं काय करणार, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. आणि शेजारी उस्मानशेठ ती जागा गुणगुणत होते. पुन्हा पुन्हा, अगदी रमून. त्यांचा गळा म्हणजे चढावर आलेली कोळशाची मोटार. एक सूर धड लागत नव्हता. मी कान देऊन ऐकलं, त्या खरखरीतून मूळ आकार काढायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणालो, "शेठ, नीट म्हणा हो जरा."

"नीटच म्हनतोय की," ते म्हणाले.

भागाबाई पुढच्याच थंडीत गेल्या. ती जागा आता जगात एका बेसूर माणसाकडे होती.

स्वातंत्र्य आलं. नंतर रस्त्यांवर सरकारी मोटारी सुरू झाल्या, आणि खाजगी सर्व्हिसवाल्यांचे रस्ते एकेक करून बंद झाले. उस्मानशेठ पहिली सरकारी गाडी बघायला मुद्दाम स्टँडवर गेले होते. इंजिनाचा आवाज ऐकून येऊन म्हणाले, "गाडी झकास हाय. कुनाला नावं ठेवायची?" सहा महिन्यांत गॅरेज रिकामं झालं. अमीनाभाभींच्या भावाची तिसगावला शेती होती. त्यानं बोलावलं, ते निघाले.

जायच्या आधी त्यांनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर सगळ्या प्लेटी मांडलेल्या होत्या: रुसलेला बुवा, सासरी चालली, सार्जंटाचा जाझ, ते पुठ्ठ्याचं बाड.

"न्या सगळं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "काय द्यायचं ते तरी बोला."

"काय न्हाई. तिकडं पत्र्याचं घर हाय, उन्हाळ्यात प्लेटी वाकतील. तुमच्याकडं ऱ्हातील. तुमी पुसता."

"एखादी तरी ठेवा तुम्ही. जाझची ठेवा."

त्यांनी एकदा त्या ढिगाकडे पाहिलं. "एक ठेवली की दुसरी आठवती," ते म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अगं, वकीलसाहेबांना चहा!"

मी हातगाडी करून सगळं घरी आणलं. कपाट पुरेना, दुसरं केलं. महिनाभर पुसत होतो. मग एका रविवारी फौजदारांना आणि शिंप्याला मुद्दाम बोलावलं, सार्जंटाची ती प्लेट लावली. पिपाणीवाला लांब गेला. आता येईल, आता येईल म्हणून मी थाप मारायला हात उचलला, आणि ठोका त्याआधीच पडून गेला. फौजदार म्हणाले, "छान आहे." शिंप्याला काम होतं. सुशीला शेवटपर्यंत बसली होती, पण उठताना म्हणाली, "अमीनाभाभींना पत्र टाकायला हवं."

त्यानंतर उस्मानशेठ मला एकदाच दिसले. पाथर्डीकडे एका दाव्याच्या कामाला गेलो होतो. वाटेत तिसगावचा बाजार लागला. गाडी थांबली म्हणून पाय मोकळे करायला उतरलो. तांबटाच्या पालासमोर दहा-बारा माणसं जमली होती. मध्ये उस्मानशेठ उकिडवे बसलेले, डोक्याला टॉवेल, शर्ट मळका. बैलाच्या गळ्यात बांधायला घंटा घ्यायची होती. तांबटानं टोपलीभर घंटा पुढ्यात ओतल्या होत्या आणि ते एकेक उचलून वाजवत होते. वाजवायची, कान लावायचा, आवाज विरेपर्यंत थांबायचं, बाजूला ठेवायची.

तांबट वैतागला होता. "मामू, बैलाला काय कळतंय? घ्या कंची बी."

"त्याला दिसभर ऐकायची हाय, बाबा. तुला न्हाई."

लोक हसले, पण कोणी हललं नाही. पुढची घंटा वाजली की सगळे गप्प होत. एक बाई डोक्यावरची पाटी न उतरवता उभी होती. मी गर्दीच्या मागं होतो. हाक मारावी असं मनात होतं, पण त्यांनी तेवढ्यात आणखी एक उचलली. काळपट, कडेला चेपलेली, कोणी फुकट घेणार नाही अशी. वाजवली. मला काहीच वेगळं वाटलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ही," ते म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. घरी माझ्याकडे दोन कपाटं भरून प्लेटी होत्या, नगर जिल्ह्यात तेवढ्या कोणाकडे नव्हत्या. आणि त्या बाजारात उभा राहून, पळत जाऊन गाडी पकडायच्या आधी, मला जगात फक्त ती चेपलेली घंटा हवी होती.